नवं ग्राफिक्स कार्ड लाँचलाच घ्यायचं असेल, तर आधीची तयारी

लाँचची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी, डोकं थंड असताना, एक आकडा कागदावर लिहून ठेवा: या कार्डासाठी मी यापेक्षा जास्त देणार नाही. बाकीची तयारी त्यानंतर. चढ्या भावाने विकणारा जगतो तो आपल्या घाईवर, आणि लाँचच्या संध्याकाळी प्रत्येक पानावर 'स्टॉक संपला' दिसायला लागलं की अर्ध्या तासात माणूस स्वतःला समजावतो की पंधरा हजार जास्त म्हणजे काही फार नाही. आकडा लिहिलेला असेल तर निदान आपण काय मोडतोय ते कळतं.

हा आकडा अंदाजाने काढू नका, हिशोबाने काढा. जानेवारी २०२५ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने आरटीएक्स ५० ही कार्डांची मालिका जाहीर केली, तेव्हा तिच्यातल्या ५०८० या कार्डाची अमेरिकेतली किंमत ९९९ डॉलर होती आणि भारतातली १,०७,००० रुपये. ५०७० टीआय तिकडे ७४९ डॉलर, इकडे ८०,०००. ५०७० तिकडे ५४९, इकडे ५९,०००. ५०९० तिकडे १,९९९, इकडे २,१४,०००. तेव्हा डॉलर साधारण ८६ रुपयांना होता. आता डॉलरच्या किमतीला ८६ ने गुणा, त्यावर १८ टक्के जीएसटी लावा आणि वर पाच-सहा टक्के ठेवा. चारही कार्डांची उत्तरं जवळपास बरोबर येतात. पुढच्या लाँचला त्या दिवसाचा डॉलरचा भाव घालून हाच हिशोब करा, म्हणजे 'आपल्याकडे ड्यूटीमुळे दीडपट पडतंच' असं कोणी सांगितलं तर त्याला कागद दाखवता येईल. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, हेही तुलना करताना ध्यानात ठेवा. एनव्हिडियाची चिप घेऊन कार्डं बनवणाऱ्या असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक या कंपन्यांची तीन पंख्यांची, जरा जास्त वेगाने चालवलेली मॉडेलं मूळ किमतीपेक्षा महाग असतात आणि त्यासाठी थोडी जागा ठेवायला हरकत नाही. माझ्या मते दहा टक्के ठीक, पंधरा म्हणजे शेवट. त्यापलीकडे तुम्ही पंख्यांचे नाही, टंचाईचे पैसे देताय.

खोक्यावरच्या एमआरपीवर मात्र विसंबू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं किरकोळ दुकानदाराला कायद्याने मना आहे, पण आयात केलेल्या कार्डांवर एमआरपीचं स्टिकर बरेचदा इतकं वरचं असतं की खूप फुगवलेला भावसुद्धा त्याच्या आतच बसतो. 'एमआरपीपेक्षा कमीत देतोय' हे वाक्य खरं असूनही तुमच्या कामाचं नसतं.

यानंतरचं काम म्हणजे टंचाई कुठल्या जातीची आहे ते ओळखणं. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण थांबायचं की नाही हे यावरून ठरतं. एक टंचाई फक्त लाँचची असते: पहिल्या खेपेत माल थोडा, मागणारे सगळे एकाच मिनिटाला आलेले. ३० जानेवारी २०२५ ला ५०९० आणि ५०८० विक्रीला आली तेव्हा हेच झालं, आणि माल संपू शकतो हे एनव्हिडियाने आधीच सांगितलं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ५०८० साठी लोकांनी काहीच्या काही पैसे मोजले. काही महिन्यांनी तेच कार्ड अमेरिकेत जाहीर किमतीला मिळायला लागलं. ज्यांनी उन्हाळाभर दम धरला त्यांचे पैसे वाचले.

दुसरी टंचाई मात्र मुळातूनच येते. १७ सप्टेंबर २०२० ला ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० आलं आणि काही मिनिटांत संपलं, तेव्हा बहुतेकांना वाटलं की दिवाळीपर्यंत सुरळीत होईल. झालं नाही. करोनामुळे घरोघरी संगणकांची मागणी वाढलेली, चिप बनवणाऱ्या कारखान्यांत जागा नाही, आणि त्यात इथेरियम या आभासी चलनाचा भाव चढत गेला तशी मायनिंग करणाऱ्यांनी, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते चलन कमावणाऱ्यांनी, कार्डं घाऊक उचलायला सुरुवात केली. कार्डावर घातलेले जास्तीचे पैसे मायनिंगमधून परत मिळत असल्यामुळे त्यांना कुठलाही भाव परवडत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३०६० वर एनव्हिडियाने मायनिंगचा वेग अर्धा करणारी मर्यादा घातली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ती चुकून निघून गेली. भाव खरे उतरले ते २०२२ मध्ये, इथेरियम पडल्यावर. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि ती मागणी संपली. दोन वर्षं म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याचा ॲनिमेशनचा अख्खा अभ्यासक्रम. अशा काळात 'थांबा, उतरेल' हा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

म्हणून लाँचच्या आधीच्या महिन्यात स्वतःला विचारा: हे कार्ड खेळणाऱ्यांखेरीज आणखी कोणाला हवंय, आणि त्यांना त्यातून पैसे मिळतात का? आज याचं उत्तर एआय आहे. जास्त मेमरीचं कार्ड, ५०९० सारखं ३२ जीबीचं, खेळणाऱ्यांइतकंच एआय मॉडेल चालवणाऱ्यांना हवं असतं, म्हणून त्याचा भाव बाकीच्यांसारखा खाली आला नाही. शिवाय मेमरीचे कारखाने डेटा सेंटरकडे वळलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना मेमरी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. हवं असलेलं कार्ड १२ किंवा १६ जीबीचं, मधल्या किमतीचं असेल तर थोडं थांबण्यात अर्थ असू शकतो, पण रॅम आणि एसएसडीचे भाव बघत राहा. तेच चढत असतील तर कार्डही चढेल, आणि तेव्हा हिशोबातल्या भावाला मिळालं तर पहिल्या दिवशीच घ्या.

आता खात्यांचं. ज्या दोन-तीन दुकानांच्या साइटवरून घेणार तिथे आठवडाभर आधी खातं उघडा, पत्ता भरा, मोबाइल क्रमांक पडताळून घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने अमेरिकेत काही ग्राहकांना रांगेबाहेर थेट खरेदीची संधी दिली, तेव्हा अट अशी होती की खातं ३० जानेवारीच्या आत उघडलेलं असावं. नवी खाती बहुतेक बॉटवाल्यांची असतात म्हणून ही अट. हे बॉट म्हणजे सेकंदासेकंदाला पान तपासून माल दिसताच खरेदी पुरी करणारे प्रोग्राम. त्यांच्याशी वेगात स्पर्धा होणार नाही, पण आपल्या बाजूने एकही मिनिट वाया जाऊ नये.

पैसे भरण्याची सोय आदल्या दिवशी तपासा. यूपीआयची नेहमीची मर्यादा एक लाखाची, त्यामुळे १,०७,००० चं कार्ड यूपीआयने घ्यायला गेलात तर शेवटच्या पायरीवर अडकाल. क्रेडिट कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या ॲपमधून वाढवून ठेवा आणि ओटीपी येणारा फोन हाताशी असू द्या.

वेळ बघून ठेवा. एनव्हिडियाची विक्री बरेचदा पॅसिफिक (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) वेळेनुसार सकाळी सहाला उघडते. आपल्याकडे ती हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात, आणि तिकडची घड्याळं पुढे केलेली असताना साडेसहा. ऑफिस सुटायची वेळ, लोकलमध्ये नेटवर्क नाही, म्हणून त्या दिवशी लवकर घरी या.

दुकानातून घेणार असाल तर लाँचच्या आधीच जाऊन या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुकानात सरळ विचारा: किती नग येणार, नावं क्रमाने लिहून घेता का, बंडल लावणार का? बंडल म्हणजे कार्ड हवं तर आमच्याकडचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्डही घ्या. २०२० मध्ये ईव्हीजीए या अमेरिकेतल्या कार्ड कंपनीने नाव नोंदवलेल्या क्रमाने कार्डं विकली, महिने लागले पण रांगेतल्या माणसाला त्याची पाळी मिळाली. आपल्याकडचा लहान दुकानदारही वहीत नावं लिहून हे करू शकतो, आणि जो करतो त्याच्याकडे पुढचा सगळा संगणक घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ॲडव्हान्स दिलात तर त्याची पावती घ्या, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि ठरलेला भाव लिहून घ्या. बंडलमधली वस्तू तुम्हाला खरंच लागणार असेल तर घ्या, नाहीतर तिची किंमत कार्डाच्या भावात मिळवून मघाच्या आकड्याशी ताडून बघा.

कॅबिनेट मोजा. मोठी कार्डं ३५० मिलिमीटरच्या घरात जातात आणि मदरबोर्डवरच्या साडेतीन स्लॉटांची (खाचांची) जागा अडवतात. एसएमपीएससाठी एनव्हिडियाची शिफारस ५०७० ला ६५०, ५०७० टीआयला ७५०, ५०८० ला ८५० आणि ५०९० ला १००० वॉट अशी आहे. कार्डाला वीज देणारा सोळा पिनांचा जोड पूर्ण आत बसला पाहिजे. आधीच्या पिढीतल्या ४०९० च्या वेळी तो अर्धवट बसल्याने वितळल्याची प्रकरणं झाली होती.

लाँच हुकला तर त्याच रात्री फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स आणि टेलिग्रामचे ग्रुप उघडू नका. तो भाव त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट असतो. शिवाय तिथल्या कार्डाचं बिल दुसऱ्याच्या नावाचं असतं किंवा नसतंच, आणि तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी बिल आणि सीरियल क्रमांक जुळावा लागेल की नाही हे ब्रँडनुसार बदलतं. ते आधी ब्रँडच्या साइटवर वाचा. पैसे आधी पाठवायला सांगणाऱ्याला ठाम नकार द्या. फसलातच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा. परदेशी साइटवर तर कार्डाचा फक्त फोटो विकायला ठेवलेले असतात आणि बारीक वर्णनात तसं लिहिलेलंही असतं. अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मावशीकडून मागवणार असाल तर त्या ब्रँडची वॉरंटी भारतात चालते का आणि विमानतळावर किती कस्टम ड्यूटी लागेल, हे दोन्ही विचारून मगच त्यांना कामाला लावा.

कार्ड हातात आलं की खोकं उघडण्याआधी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा, कुरिअरच्या चिकटपट्टीपासून सीरियल क्रमांकापर्यंत, मध्ये न थांबवता. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानात ५०९० च्या सीलबंद खोक्यांत कार्डाऐवजी पाठीवरच्या सॅक निघाल्या होत्या. मशीनमध्ये बसवल्यावर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा आणि आरओपीचा (चित्र तयार करणाऱ्या चिपमधल्या भागांचा) आकडा बघा: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६. पहिल्या खेपेतल्या काही कार्डांत हा आकडा आठने कमी भरला आणि ती बदलून द्यावी लागली. परत करायची मुदत संपायच्या आत एखादा जड गेम किंवा रेंडर दोन-तीन तास चालवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

जुनं कार्ड मात्र आधी विकू नका. सप्टेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरचं ३०७० हे २०८० टीआयच्या तोडीचं असेल असं जाहीर होताच, १,१९९ डॉलरला घेतलेली २०८० टीआय लोकांनी पाचशेच्या आसपास काढून टाकली. मग नवं मिळेना आणि जुन्याचे भाव पुन्हा चढले. नवं कार्ड आठवडाभर नीट चाललं की मग जुन्याची जाहिरात टाका, आणि तिच्यात खरेदीचं वर्ष, उरलेली वॉरंटी आणि त्यावर मायनिंग झालंय का, हे तिन्ही स्पष्ट लिहा.