गाज राखून संकलन : कोकणातल्या पॉडकास्ट आणि व्हिडिओसाठी एआय कसे वापरावे

मालवण, वेंगुर्ला किंवा हर्णै इथल्या माणसांशी बोलून पॉडकास्ट किंवा व्हिडिओ तयार करणाऱ्यांचा बराचसा वेळ आजवर गोंगाट काढण्यात, तासाभराचे बोलणे पुन्हा पुन्हा ऐकून नको तो भाग कापण्यात आणि उपशीर्षके टाइप करण्यात जात असे. ही तिन्ही कामे एआयवर चालणारी साधने आता फार थोड्या वेळात करून देतात. अडचण एवढीच, की या साधनांच्या लेखी समुद्राची गाज हा काढून टाकण्याचा आवाज आहे आणि मालवणी बोली त्यांनी फारशी ऐकलेलीच नाही. म्हणून कोणते काम यंत्राकडे किती सोपवायचे, हे आधी ठरवावे.

पहिली काळजी ध्वनिमुद्रणातच घ्यावी लागते. वारा मायक्रोफोनवर थेट आदळून आवाज फाटला, तर त्या क्षणाचे बोलणे मुळात नोंदलेलेच नसते. यंत्र तिथे फार तर अंदाजाने काहीतरी भरते. त्यामुळे किनाऱ्यावर मायक्रोफोनला फरचे आवरण घालावे, मोठ्याने बोललेले शब्दही मुद्रकाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या फार वर जाणार नाहीत अशी पातळी ठेवावी आणि ४८ किलोहर्ट्झवर डब्ल्यूएव्ही (ध्वनी न दाबता साठवणारी) फाइल घ्यावी. यांत्रिक नौकांची मासेमारी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि मच्छीमार निवांत बोलायला भेटतात ते नेमके याच भर पावसाच्या दिवसांत. तेव्हा पत्र्याची पडवी टाळून माजघरात बसावे आणि भिंतीचा घुमारा कमी करण्यासाठी आजूबाजूला गोधड्या ठेवाव्यात. मुलाखत संपल्यावर, कोणीही न बोलता, त्या जागेचा निदान एक मिनिटाचा आवाज वेगळा मुद्रित करावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

गोंगाट काढण्यासाठी अ‍ॅडोबी पॉडकास्ट या इंटरनेटवरच्या साधनात ‘एन्हान्स स्पीच’ आणि दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत ‘व्हॉइस आयसोलेशन’ आहे. स्वच्छ बोलणे आणि त्यातच गोंगाट मिसळलेले बोलणे अशी असंख्य उदाहरणे ऐकून अशी प्रारूपे (एआय मॉडेल) घडतात, त्यामुळे मानवी बोलणे सोडून बाकी सारे त्यांना केर वाटते. पूर्ण जोराने चालवल्यास लाटांबरोबर शब्दांची शेपटेही गिळली जातात आणि बोलणारी व्यक्ती बंद डब्यातून बोलत असल्यासारखी वाटते. यावर उपाय असा, की मूळ ट्रॅकची प्रत काढून प्रक्रिया फक्त प्रतीवर करावी, तिचे प्रमाण निम्म्याच्या आसपासून सुरू करून कानाने ठरवावे आणि वेगळा मुद्रित केलेला जागेचा आवाज संपूर्ण भागाखाली अगदी हळू सलग पसरावा. त्यामुळे कापलेल्या जागी पार्श्वभूमी दचकत नाही आणि बंदरावरचे बोलणे बंदरावरचेच वाटते. दशावताराच्या चित्रीकरणावर मात्र हे साधन चालवूच नये. संवादाबरोबरची पेटी, मृदंग आणि झांज त्याला गोंगाटच वाटते, आणि त्यांच्यावाचून उरलेल्या संवादाला दशावतार म्हणता येणार नाही.

खरा बदल झाला आहे तो लिप्यंतरात, म्हणजे बोलणे ऐकून त्याचा मजकूर लिहून घेण्यात, आणि जास्त लक्षही तिथेच द्यावे लागते. ओपनएआयने २०२२ मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ सुमारे ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर घडले, परंतु त्यातला मोठा वाटा इंग्रजीचा होता. ते मराठी लिहिते, आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय आपल्याच लॅपटॉपवर चालते, ही पावसाळ्यात नेटवर्क रुसणाऱ्या गावांसाठी मोठीच सोय आहे. लहान प्रारूप मराठीत फार चुका करते. यंत्र झेपवत असेल तर मोठेच वापरावे, मग रात्रभर चालू ठेवावे लागले तरी चालेल. भाषा मराठी आहे हे स्वतः निवडून सांगावे, कारण तसे न सांगितल्यास ते पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ओळखते, आणि आपल्या भागाची सुरुवात तर बहुधा लाटांनीच होते. लांबलेल्या शांततेत ते कधीकधी कोणी न बोललेली वाक्ये लिहून टाकते, म्हणून निव्वळ लाटांचे तुकडे आधीच बाजूला काढावेत. गावांची आणि अवजारांची नावे सूचना म्हणून आगाऊ देता येतात. तिथे जागा थोडी असते, तेव्हा ‘रापण’ (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे), ‘आचरा’, ‘निवती’ अशी हमखास चुकणारी मोजकीच नावे द्यावीत.

मालवणी बोलणाऱ्याचे ‘इलंय’ यंत्र ‘आलोय’ असे प्रमाण मराठीत बदलून लिहू शकते आणि ‘खंय’ (कुठे) याच्या जागी ‘काय’ ठेवू शकते. पहिल्या प्रकाराने बोली जाते, दुसऱ्याने अर्थच जातो. माझ्या मते उपशीर्षकांत बोली जशीच्या तशी ठेवावी आणि ती जाणणाऱ्या माणसाने ध्वनी ऐकत प्रत्येक ओळ तपासावी. हा वेळ कोणत्याही साधनाने वाचत नाही.

मजकुरातले वाक्य खोडले की त्याचे चित्र आणि ध्वनीही कापले जातात, अशी सोय संकलनाच्या सॉफ्टवेअरपैकी डिस्क्रिप्टमध्ये, २०२३ पासून प्रीमियर प्रोमध्ये आणि रिझॉल्व्हमध्येही आहे. प्रत्येक साधनात मराठी असतेच असे नाही, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी भाषांची यादी पाहावी. मराठी नसल्यास व्हिस्परची वेळेसह मिळणारी एसआरटी (उपशीर्षकांची) फाइल वाचून ठेवायच्या वाक्यांवर खुणा कराव्यात आणि त्या वेळांनुसार नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये कापावे. कामाचा वेग फारसा कमी होत नाही. विराम आपोआप काढणारे बटण मुलाखतीत दाबू नये. एखादे आजोबा वादळात सापडलेल्या होडीबद्दल सांगताना थांबतात, तेव्हा ते थांबणे हा सांगण्याचाच भाग असतो.

आडव्या चित्राचे उभे करणारे साधन बहुधा चेहऱ्यामागे जाते. समोरासमोरच्या गप्पांना ते पुरते, पण रापण ओढताना पाहण्यासारखे असतात ते हात आणि दोर, म्हणून तिथे चौकट हाताने सरकवावी.

आवाजाची नक्कल करून चुकलेला शब्द दुरुस्त करण्याची सोयही आता मिळते. मुलाखत देणाऱ्याच्या बाबतीत ती वापरू नये. फोन करून तो शब्द पुन्हा बोलून घ्यावा. स्वतःच्या निवेदनात वापरली, तर वर्णनात तसे लिहावे. खरे भासेल असे चित्र किंवा ध्वनी एआयने बदलला असल्यास तो जाहीर करण्याचा नियम यूट्यूबने २०२४ मध्ये आणला. ध्वनी इंटरनेटवरच्या साधनाकडे पाठवायचा असेल, तर मुलाखतीपूर्वीच बोलणाऱ्याला साध्या शब्दांत सांगून त्याची संमती घ्यावी.

शेवटी पॉडकास्टची सरासरी पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याचे एकक) जवळ आणि यूट्यूबसाठी उणे १४ च्या जवळ ठेवावी, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, आणि मोबाइलवर उपशीर्षकांतली जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हे पाहूनच भाग प्रसिद्ध करावा. प्रक्रिया न केलेला मूळ ध्वनी आणि तपासलेले लिप्यंतर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावे, आणि कोकणातल्या दमट हवेत त्यांतली एक तरी घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.