सेसना १५२ या छोट्या विमानाचं ब्रेक लायनिंग अमेरिकेतून मागवताना: कागदाचं गाडं कसं सुटलं

लक्षण: स्वस्तातलं लायनिंग आलं, पण रिलीज सर्टिफिकेट (भाग विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला) नाही म्हणून स्टोअरने ते थेट क्वारंटाइनच्या, म्हणजे वापरायला मनाई असलेल्या मालाच्या कपाटात टाकलं. विमान जागेवरच.

विक्रेत्याला मागाहून मेल टाकले, उपयोग शून्य. इथल्या डीलरचा भाव ऐकून गप्प बसलो. डोकं उठलं होतं.

खरी गोम अशी, की अमेरिकेत देशांतर्गत विक्रीला एफएए (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) फॉर्म ८१३०-३, म्हणजे हाच रिलीजचा दाखला, लागतोच असं नाही. मागितल्याशिवाय तो बहुधा कोणी देत नाही.

मग आधी पार्ट्स कॅटलॉगमधून नंबर काढला: ०६६-१०५००. त्याजागी चालणारा रॅपको कंपनीचा पीएमए भाग (मूळ उत्पादकाऐवजी दुसऱ्याने एफएएच्या मंजुरीने बनवलेला) आरए०६६-१०५०० शोधला, तो कोणत्या विमानांना चालतो त्या पात्रता यादीत आपलं मॉडेल असल्याचं पाहिलं आणि क्वालिटी मॅनेजरचा लेखी होकार घेतला. त्यानंतर ८१३०-३ धरूनच कोटेशन मागवलं. फॉर्मचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा लायनिंग बसवायचे रिवेटही त्याच ऑर्डरीत उरकून घ्या. पैसे भरल्यावर, माल निघण्याआधी फॉर्मची स्कॅन प्रत मागितली. ब्लॉक ८ मधला पार्ट नंबर इनव्हॉइसशी डॅशसकट जुळला पाहिजे, ब्लॉक ९ मध्ये नगसंख्या, ब्लॉक ११ मध्ये ‘न्यू’. जुळल्यावरच पाठवायला सांगितलं, मूळ फॉर्म पार्सलमध्ये ठेवून.