रोबोटच्या कॅरेक्टरमध्ये जीव कसा ओतायचा

शॉर्टफिल्ममध्ये रोबोट घेताय ना, मग डायलॉग नंतर लिहा, आधी त्याला मनातून काय हवंय ते ठरवा, सोबत, सुरक्षितता, कायतरी एकच. २००८ चा वॉल-ई हा अ‍ॅनिमेशन सिनेमा बघा, त्यातला वॉल-ई नावाचा रोबोट, पठ्ठ्या हिऱ्याची अंगठी फेकून देतो आणि डबी ठेवतो, आणि चमचा-काटा एकत्र असलेला तो प्रकार सापडल्यावर चमच्यांत टाकू की काट्यांत म्हणून अडतो आणि शेवटी मधेच ठेवतो! झालं, याला स्वतःची आवडनिवड आहे हे कळलं. एकटेपणासुद्धा कृतीतूनच दाखवा, तो जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली जोडी हात धरताना बघतो आणि स्वतःचेच दोन हात एकमेकांत अडकवतो. चेहरा माणसासारखा करायच्या भानगडीत पडू नका, त्याला तर तोंडच नाहीये, दुर्बिणीसारखे डोळे तेवढे. आणि रडकं व्हायोलिन नको प्लीज.