भरती येते आहे, दार कोणी उघडायचं? आठवीच्या वर्गात खाजनाचा खेळ

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात समाजशास्त्र शिकवते. वर्गातली निम्मी मुलं नार्वे, मये, चोडण अशा पाण्याकाठच्या गावांतली. खाजन, म्हणजे नदीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि तरी धड्यावरच्या प्रश्नांना तीच मुलं कोरी पानं देतात. म्हणून धडा बाजूला ठेवून मी त्यांना बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार) आणि खेळातले पैसे म्हणून चाळीस चिंचोके देते आणि म्हणते, गाव वाचवा.

पहिल्या वर्षी हा खेळ पार फसला. सगळी माहिती एका कागदावर छापून सहा गटांना वाटली होती. प्रत्येक गटात एका हुशार मुलाने ती वाचली, निर्णय घेतला आणि बाकीचे खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा कळलं, माहिती फोडून वाटली नाही तर मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत; बोलण्याची गरजच पडत नाही.

आता सहा जणांच्या गटात सहा कार्डं असतात. कार्ड दाखवायचं नाही, तोंडाने हवं तेवढं सांगा, हवं तेवढं लपवा. खालच्या शेताच्या शेतकरणीची रोपं कोवळी आहेत, खारं पाणी चढलं तर पीक गेलंच. वरच्या शेतवाल्याने कोरगुट जातीचं भात लावलंय, ते थोडं खारं सोसतं. त्याला काळजी साचलेल्या पावसाच्या पाण्याची. मानशीवाल्याने मानशीपाशी मासे धरायच्या हक्कासाठी लिलावात पैसे मोजलेत, रात्रीच्या भरतीचं पाणी आत आलं तरच त्याच्या जाळ्यात मासळी. खजिनदाराला ठाऊक आहे की चिंचोके सगळ्या भरत्यांना पुरणार नाहीत. एका घरवालीच्या विहिरीचं पाणी आठवडाभर मचूळ लागतंय. आणि बांधावरच्या गड्याने एक भेग पाहिली आहे, पण त्याची मागची मजुरी थकली आहे, त्यामुळे तो गप्प आहे.

शेवटची दोन कार्डं म्हणजे खेळाचा जीव. विहीर आणि भेग एकत्र आली की बांध कुठे झिरपतोय ते समजतं, आणि तीन चिंचोक्यांत डागडुजी होते. नाही आली, तर चौथ्या भरतीला, म्हणजे पुनवेच्या मोठ्या भरतीला, बांध फुटतो आणि बारा चिंचोके जातात. मजुरी द्यायला दोनच लागतात. गेल्या वर्षी सहापैकी दोनच गटांना ती द्यायचं सुचलं.

आदल्या दिवशी नमुना करून दाखवा, तो चुकवू नका. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मधोमध चिकणमातीचा बांध घाला, त्यात एक चौकोनी भोक ठेवा. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाचा तुकडा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने भोकावर वरून टांगा, पण नदीच्या बाजूला. नदीकडून पाणी ओतलं की झाकण भोकावर दाबलं जातं: भरती, दार बंद. नदीकडचं पाणी कमी केलं की आतलं पाणी झाकण ढकलून बाहेर जातं: सुकती म्हणजे ओहोटी, दार उघडं. वीज नाही, राखणदार नाही. एका गटाने झाकण शेताच्या बाजूला टांगलं आणि भरतीला शेत बुडालं. मी तो ट्रे तसाच ठेवला. त्या चुकीने जे समजलं ते मी तासभर बोलून समजलं नसतं.

खेळाला जोडून दोन तास घ्या. एक फेरी म्हणजे एक भरती, सहा मिनिटं, अशा सहा. खऱ्या दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. घरी होडी असलेली मुलं हे तिथीवरून सांगतात, त्यांनाच सांगू द्या. प्रत्येक फेरीत गटाने दोन गोष्टी ठरवायच्या. दार पाण्याच्या मर्जीने हलू द्यायचं, दोरीने उचलून धरायचं, की फळ्या टाकून बंद करायचं? आणि चिंचोके कुठे घालायचे? निर्णयाच्या चिठ्ठीवर सहाही सह्या हव्यात. एक कमी पडली तर मागच्या फेरीसारखंच चालू. वर्गात गोंधळ होतो. "टीचर, हाणें दार उगडलें!" अशा तक्रारी येतात. मी न्याय करत नाही, फक्त घड्याळ बघते.

एक सावधगिरी. एका वर्षी मानशीवाल्याचं कार्ड नेमकं तसाच धंदा असलेल्या घरच्या मुलाला गेलं. खेळातलं भांडण घरी पोचलं आणि दुसऱ्या दिवशी वडील ऑफिसच्या दारात. तेव्हापासून कार्डं वाटण्याआधी नावं बघते. ज्याच्या घरी शेत, त्याला मासळी द्या.

नंतरच्या गप्पांना अर्धा तास राखून ठेवा. घाईत त्याच कापल्या जातात. आधी कार्डं परत घ्या, नाहीतर मुलं भूमिकेतूनच भांडत राहतात. पहिला प्रश्न एवढाच: काय काय घडलं? कोणाची चूक, हे आत्ता नको. मग: कोणाला काय माहीत होतं, आणि ते कधी सांगितलं? त्यानंतर मी पुस्तक उघडते. पूर्वी बांधाची राखण गावकारी करायची, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. अर्धा तास बांधासाठी भांडलेल्या मुलाला या ओळी पाठ कराव्या लागत नाहीत.

गुण मी निकालाला देत नाही. गाव बुडवलेल्या गटाने खेळाबद्दल लिहिलेलं एक पान कित्येकदा वाचवलेल्यांपेक्षा सरस असतं.

कार्डं मी पेन्सिलीने लिहिते, कारण ती दरवर्षी खोडली जातात. मागच्या जुलैत चोडणची एक मुलगी म्हणाली, टीचर, तुमच्या खेळात कुर्ल्याच (खेकडे) नाहीत. बांधाला बिळं कोण पाडतं मग? आता सातवं कार्ड कुर्लीचं आहे. ते कोणाच्या हातात देत नाही. ट्रेमधल्या बांधावर ठेवते, आणि दर भरतीला मुकाट्याने एक चिंचोका उचलते.