जिल्हा परिषद शाळेच्या नव्या वर्गखोल्या आणि मुलांचा आठवडा : दोन्हींचा आराखडा एकत्र कसा करावा

जिल्हा परिषदेच्या शाळेला नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या की गावात आनंद होतो. मात्र काम सुरू झाल्यावर महिनाभरातच मैदानावर खडी आणि वाळूचे ढीग पडतात, कवायत थांबते, ग्रंथपेटी कपाटामागे जाते आणि शनिवारचे उपक्रम केवळ नोंदवहीत उरतात. बांधकाम वर्षभर रेंगाळले, तर तिसरीत शिकणाऱ्या मुलाची सबंध तिसरी अशीच निघून जाते. हे टाळता येते. त्यासाठी बांधकामाचा आराखडा आणि मुलांच्या साप्ताहिक उपक्रमांचे वेळापत्रक शाळा व्यवस्थापन समितीने एकाच बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून ठरवले पाहिजे. ते कसे करावे, हे समितीचे पालक सदस्य आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी पुढे मांडले आहे.

समितीचा अधिकार आधी लक्षात घ्यावा, कारण बांधकाम हा फक्त पंचायत समितीच्या अभियंत्यांचा विषय आहे असे अनेक पालक धरून चालतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम 2009, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे, आणि कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम आहे. केंद्राच्या 2010 च्या नियमावलीनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यात प्रत्येक वर्षाची उपयोजना, वर्गनिहाय अपेक्षित पटसंख्या, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा आणि त्यांचा खर्च यांचा समावेश असतो. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे 31 डिसेंबरपूर्वी, तो तयार असावा. मार्चमध्ये धावपळ करून पाठवलेली मागणी त्या वर्षीच्या नियोजनात सहसा बसत नाही.

मागणी कशी मोजावी

"आम्हाला खोल्या कमी पडतात" या वाक्यावर निधी मिळत नाही. अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि त्याशिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली, असे मानक दिलेले आहे. त्याच अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी 60 मुलांपर्यंत दोन, 61 ते 90 साठी तीन, 91 ते 120 साठी चार आणि 121 ते 200 साठी पाच शिक्षक धरले जातात. म्हणजे पट 95 असेल तर चार वर्गखोल्या आणि एक कार्यालय अशी मागणी मानकात बसते. अस्तित्वातील खोल्यांपैकी किती वापरण्याजोग्या आहेत, ही पुढची मोजणी असते, आणि प्रस्ताव बहुधा याच टप्प्यावर अडखळतो. गळकी किंवा तडे गेलेली खोली यू-डायस या शाळांच्या माहितीची नोंद ठेवणाऱ्या शासकीय प्रणालीत "सुस्थितीत" म्हणून नोंदलेली असेल, तर कागदावर शाळेला खोल्या पुरेशा आहेत असाच अर्थ निघतो आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून प्रस्ताव परत येतो. म्हणून मागणी लिहिण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून यू-डायसमधील नोंदीची प्रत घेऊन, प्रत्येक खोलीत उभे राहून ती पडताळावी.

ही पडताळणी पालकांनाही करता येते. भिंतीच्या गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे; पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसत असतील किंवा ढलपे पडून सळई उघडी झाली असेल, तर पाणी आत शिरून लोखंड गंजू लागले आहे, असे समजावे आणि त्या खोलीत मुलांना बसवणे त्याच दिवशी थांबवावे. छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. खोली धोकादायक आहे की दुरुस्तीयोग्य, हा निर्णय मात्र बांधकाम विभागाच्या अभियंत्यानेच लेखी द्यायचा असतो. धोकादायक ठरलेल्या इमारतीचे निर्लेखन, म्हणजे ती शासकीय नोंदीतून रद्द करणे, मंजूर झाल्याखेरीज ती पाडता येत नाही आणि बहुतेक शाळांमध्ये नव्या इमारतीला दुसरी जागाच नसते. त्यामुळे निर्लेखनाचा प्रस्ताव नव्या खोल्यांच्या मागणीबरोबरच पाठवावा. मंजुरीनंतर तो पाठवणाऱ्या शाळांचे काम कार्यारंभ आदेश हातात असूनही खोळंबून राहते.

जागेची कागदपत्रे हा आणखी एक अडसर असतो. कोणे एके काळी गावातल्या एखाद्या दानशूर कुटुंबाने शाळेला जागा दिलेली असते, इमारतही उभी असते, पण सातबाऱ्यावर अजूनही त्या कुटुंबाच्याच वारसांची नावे असतात. हा प्रश्न निविदेच्या वेळी उपटण्यापेक्षा आजच तलाठी कार्यालयातून उतारा काढून पाहावा आणि गरज असेल तर ग्रामसभेत विषय घेऊन जागा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर करण्याची प्रक्रिया सुरू करावी.

निधी समग्र शिक्षा, जिल्हा वार्षिक योजना किंवा जिल्हा परिषदेचा सेस (उपकरातून जमणारा तिचा स्वतःचा निधी) यांपैकी कोठूनही येऊ शकतो. 2018 पासून राबवल्या जाणाऱ्या समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान वेगळे असते आणि ते नव्या खोल्यांसाठी नसते. पटसंख्येनुसार मिळणाऱ्या या अनुदानातून किरकोळ दुरुस्ती, साहित्य आणि स्वच्छता यांचाच खर्च भागतो व त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते.

उपक्रमांची गरज मागणीतच लिहावी

खोल्यांची संख्या मानकावरून ठरते, पण त्या कोठे आणि कशा असाव्यात हे मुलांच्या आठवड्यावरून ठरले पाहिजे. यासाठी समितीने एका मोठ्या कागदावर सोमवार ते शनिवारचे रकाने आखून, सध्या कोणता उपक्रम कोणत्या जागी होतो हे शिक्षकांकडून भरून घ्यावे. परिपाठ कोठे होतो, पाऊस असेल तेव्हा कोठे होतो, वाचनाचा तास कोणत्या खोलीत, विज्ञानाचे प्रयोग कोठे मांडले जातात, पोषण आहार मुले कोठे बसून खातात, हे सारे त्यात यावे. कागद भरला की रिकाम्या जागा आपोआप दिसू लागतात. पावसाळ्याचे चार महिने परिपाठाला छप्पर नसेल, तर चार स्वतंत्र खोल्यांपेक्षा रुंद व्हरांडा असलेल्या चार खोल्या हव्यात, हे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी अभियंत्यांना सांगता येते. तांत्रिक मान्यता मिळाल्यावर सांगितले तर फार उशीर झालेला असतो.

राज्य शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी "आनंददायी शनिवार" हा उपक्रम आणला. त्यात योग व ध्यान, आपत्ती व्यवस्थापनाची प्रात्यक्षिके, रस्ता सुरक्षा, आरोग्याची काळजी, पैशाचा दैनंदिन व्यवहार, खेळ आणि नातेसंबंध सांभाळण्याची कौशल्ये यांचा अंतर्भाव आहे. हे विषय बाकांच्या रांगांत बसून शिकवण्याचे नाहीत. त्यांना मोकळी जागा लागते आणि बांधकामात सर्वांत आधी तीच जाते. म्हणून समितीने ठराव अशा शब्दांत करावा: "नवीन वर्गखोल्यांचे बांधकाम चालू असताना मैदानाचा पूर्वेकडील भाग विद्यार्थ्यांच्या उपक्रमांसाठी राखीव राहील, तेथे कोणतेही बांधकाम साहित्य उतरवले जाणार नाही, आणि शनिवारी शाळेच्या वेळेत यंत्रे चालवली जाणार नाहीत, असे सर्वानुमते ठरले." दिशा, वेळ आणि जागा आपापल्या शाळेप्रमाणे बदलावी, पण ठरावात मोघम काही ठेवू नये. या ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि उपअभियंता यांच्याकडे देऊन पोच घ्यावी व ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळताच त्याच्याशी बैठक घेऊन त्याची सही घ्यावी.

काम चालू असतानाचा आठवडा

कामाचे वेळापत्रक ठेकेदाराकडून महिन्याऐवजी आठवड्याचे मागावे आणि ते दर शुक्रवारी शिक्षकांच्या हाती पडावे. ज्या दिवशी सेंट्रिंगची ठोकठोक किंवा फरशी कापण्याचे काम असेल, त्या दिवशी वाचन आणि पाढे घेण्यात अर्थ नसतो. तो दिवस परिसर भेटीसाठी किंवा मैदानी खेळांसाठी ठेवावा आणि शांततेचे तास वाचनाला द्यावेत. स्लॅब रविवारी किंवा सुटीच्या दिवशी टाकावा, कारण त्या दिवशी मिक्सर, मजूर आणि वाहने यांची वर्दळ शाळेच्या आवारात कोणत्याही कुंपणाने आवरता येत नाही. खडी, वाळू आणि सिमेंटच्या गाड्या शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतरच आत याव्यात. मोठी कामे मे महिन्याच्या सुटीत उरकतील असे गृहीत धरले जाते, पण उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या गावात नव्या काँक्रीटला पाणी कोठून मारणार, हे आधी विचारावे. सामान्य सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान दहा दिवस सतत ओलावा मिळाला पाहिजे. कडक उन्हात त्याहूनही अधिक दिवस पाणी मारलेले बरे.

वर्ग तात्पुरते दुसरीकडे हलवावे लागले, तर जागेची निवड हा माझ्या मते या सबंध कामातील सर्वांत नाजूक निर्णय आहे. ग्रामपंचायत सभागृह, समाजमंदिर किंवा एखाद्याचा मोठा वाडा, यांपैकी जी जागा निवडाल तेथे गावातल्या प्रत्येक वस्तीवरच्या मुलाला आणि त्याच्या आईला बिनदिक्कत पाऊल टाकता आले पाहिजे. हा प्रश्न बैठकीत उघडपणे विचारावा, कारण न विचारल्यास काही मुले कारण न सांगता शाळेत येणे बंद करतात. जागा गवती छपराची नसावी आणि चुलीला लागून तर मुळीच नसावी. 2004 मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरावर पसरली आणि 94 मुले मृत्युमुखी पडली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये देशभरातील शाळांच्या सुरक्षिततेसाठी निर्देश दिले.

मुलींचे शौचालय पाडण्याची वेळ आली, तर पर्यायी शौचालय पाण्यासह वापरात आल्याशिवाय जुन्याला हात लावू देऊ नये. याला अपवाद नसावा. मोठ्या मुली दिवसभर पाणी न पिता बसतात आणि मग घरीच राहू लागतात, हे शिक्षिकांना विचारले तर त्या सांगतील. पायाचे खड्डे खोदल्यावर त्यांभोवती पत्रे लावावेत. नुसती दोरी बांधून भागत नाही, कारण एका पावसात खड्डा भरतो आणि त्याची खोली दिसेनाशी होते.

बांधकाम सुरू असताना शाळेतून बाहेर पडण्याची वाट बदलते. शनिवारच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रात्यक्षिकात नेमकी हीच नवी वाट घ्यावी. घंटा झाल्यावर कोणता वर्ग कोणत्या बाजूने निघेल, पहिलीच्या मुलांचा हात कोण धरेल आणि मैदानात हजेरी कोण घेईल, हे मुलांकडूनच ठरवून घ्यावे. गणितालाही येथे चांगले साहित्य मिळते. दिव्यांग मुलांसाठीच्या उतरंडीचे (रॅम्पचे), म्हणजे उंची आणि लांबी यांचे, प्रमाण साधारणपणे एकास बारा असते. जोत्याची उंची 45 सेंटिमीटर असेल तर उतरंड 5.4 मीटर लांब हवी. सहावी सातवीच्या मुलांनी पत्र्याच्या कुंपणाबाहेरून, शिक्षकांसोबत आणि अभियंत्यांच्या परवानगीने नकाशा पाहून हे गणित मांडावे आणि काम झाल्यावर टेपने मोजून पाहावे. उतरंड आखूड निघाली तर ती सर्वांत आधी मुलांच्याच लक्षात येईल, आणि तशी नोंद समितीच्या इतिवृत्तात घ्यावी.

समितीने कामावर लक्ष कसे ठेवावे

समितीतील दोन सदस्यांनी आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी कामावर जाऊन नोंदवही लिहावी. सिमेंटच्या गोण्यांवरील उत्पादनाचा आठवडा, पाणी मारले की नाही, आणि काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे ठोकळे भरले का, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. हे ठोकळे 28 दिवसांनी दाबून काँक्रीटची ताकद तपासली जाते. तो अहवाल शाळेच्या दप्तरी ठेवण्यासाठी मागावा. स्लॅबखालचे टेकू लवकर काढण्याची घाई दिसली तर तत्काळ शाखा अभियंत्यांना कळवावे. स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधील अंतराला) सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस आणि सहा मीटरहून लांब तुळईला एकवीस दिवस टेकू ठेवणे हे भारतीय मानकात सांगितलेले किमान आहे.

माहिती मिळत नसेल तर भांडण्यापेक्षा माहितीचा अधिकार अधिनियम 2005 वापरावा. त्यात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागता येतातच, शिवाय कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला आहे. अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

इमारत ताब्यात घेताना उद्घाटनाच्या तारखेसाठी घाई करू नये. दारे, खिडक्या, लिहिण्याचे फळे, पंखे, उतरंड, शौचालयाचे नळ आणि छतावरील पाण्याचा निचरा एकेक करून तपासावा, उणिवांची यादी करून तिच्यावर ठेकेदार आणि अभियंता या दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि करारात दोषदायित्वाचा कालावधी किती आहे हे मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावे, कारण त्या काळात निघालेली गळती ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक खोलीतील ओल तारखेनिशी नोंदवावी आणि लेखी तक्रार तो कालावधी संपण्यापूर्वी करावी. त्यानंतर नव्या खोल्या यू-डायसमध्ये चढवाव्यात, निर्लेखित खोल्या वगळाव्यात, आणि सोमवार ते शनिवारचा तो मोठा कागद पुन्हा काढून प्रत्येक उपक्रमासमोर नव्या जागेचे नाव लिहावे.