सहावी सेम सुटली, पण निकालात आरएलई?

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत बीकॉम, बीएमएस, बीएएफ किंवा बीएस्सी आयटी करणाऱ्यांना केटी म्हणजे काय ते सांगायला नको : नापास झालेला, पुन्हा द्यायचा पेपर. सांगायचंय ते केटीच्या शेपटीबद्दल. शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर सुटतात, घरी पेढे येतात आणि निकालात तीन अक्षरं दिसतात : आरएलई. म्हणजे खालच्या परीक्षेमुळे निकाल राखीव. ती अक्षरं आहेत तोवर तुम्ही पदवीधर नाही. वाद घालण्यात अर्थ नाही.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण कॉलेजात कुणी बसवून सांगत नाही. या कोर्सेसच्या पहिल्या चार सेमिस्टरच्या परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं; पाचवी-सहावी विद्यापीठ घेतं. म्हणजे तिसऱ्या सेमची केटी सुटल्याची नोंद कॉलेजच्या रजिस्टरात असते. कलिन्याच्या परीक्षा भवनाला ती कॉलेजने कळवावी लागते. रेग्युलर पोरांचे निकाल एकगठ्ठा जातात. केटीवाल्यांचे मागाहून, तुकड्यातुकड्यांनी. गळती होते ती इथे. तुमच्या हातात पास झाल्याची मार्कशीट असते, कॉलेजच्या लेखी तुम्ही सुटलेले असता आणि विद्यापीठाच्या लेखी तो पेपर अजून नापासच असतो. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे. भरडले जाता तुम्ही.

त्यातही इंटर्नलची, म्हणजे कॉलेजने वर्गातल्या कामावर द्यायच्या गुणांची, मेख वेगळी. 75:25 च्या पॅटर्नमध्ये लेखी परीक्षेचे (एक्स्टर्नल) 75 पैकी 30 आणि इंटर्नलचे 25 पैकी 10 हे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. एक्स्टर्नलला 52 आणि इंटर्नलला 8 असतील तर बेरीज 60 होते, तरी केटी. पोरं बेरीज बघतात आणि निवांत राहतात. शिवाय इंटर्नलच्या केटीला हॉल तिकिटाचा गाजावाजा नसतो, तिचाही फॉर्म भरायचा असतो हेच डोक्यातून जातं. एखादे सर कॉलेज सोडून गेले की असाइनमेंट दिलेली असूनही गुण चढलेले नसतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या बॅचने आपली गुणविभागणी कॉलेजात विचारून घ्यावी.

म्हणून पाचव्या सेमचा फॉर्म भरायच्या आधी एक संध्याकाळ काढा. आधीच्या चारही सेमच्या मार्कशीट समोर घ्या. एका कागदावर प्रत्येक पेपरपुढे इंटर्नल, एक्स्टर्नल आणि तो कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी सुटला ते लिहा. एकही चौकोन रिकामा राहिला तर दुसऱ्या दिवशी कॉलेजचं एक्झाम सेक्शन गाठा. निकालाच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, तिथे कुणी मान वर करत नाही. आणि नापासाची मार्कशीट रागाच्या भरात फाडू नका. केटी कधी लागली याचा पुरावा तोच कागद.

आरएलई आधीच लागलं असेल तर घाबरू नका. तुम्ही नापास नाही, सहावी सेम पुन्हा द्यायची नाही. कॉलेजला अर्ज लिहा : 16 अंकी पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), सीट नंबर, कोणत्या सेमचा कोणता पेपर, कधी सुटला. सोबत सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्स. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. आठवड्याने जाऊन एकच प्रश्न विचारा : विद्यापीठाला पत्र गेलं का, जावक क्रमांक काय? त्या क्रमांकाशिवाय कलिन्याला जाल तर तिथून परत कॉलेजकडेच बोट दाखवलं जाईल. कुर्ल्यापर्यंतची लोकल आणि पुढची रिक्षा फुकट.

'निकाल काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला रुपयासुद्धा देऊ नका. कॉलेजचं पत्र तो लिहू शकत नाही, आणि हवं असतं नेमकं तेच. मार्गदर्शक म्हणाल तर इन्स्टावरच्या करिअर गुरूंपेक्षा एक्झाम सेक्शनमधल्या जुन्या क्लार्क मॅडम कितीतरी कामाच्या. तिरसट असतील, असू द्या.

तोवर नोकरीचं काय? आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेचा फॉर्म भरू नका. तिथे नोंदणीच्या दिवशीच पदवीधर असावं लागतं. ऐरोली-महापेच्या बीपीओंमध्ये बारावीवर भरती होणाऱ्या जागा असतात, तिथे सीव्हीत सरळ 'पदवीचा निकाल राखीव' असं लिहा. 'बीकॉम पास' लिहिलंत तर इंटरव्ह्यू निघून जाईल, पण पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकाल आणि रुजू झाल्यानंतर आयकार्ड परत द्यावं लागेल. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीतून खुर्ची सरकवून उठा.

कॉमर्सवाल्यांनी न्हावा-शेवा बंदराचं काम करणाऱ्या कस्टम ब्रोकरांकडे विचारावं. बिल ऑफ एंट्री आणि शिपिंग बिल यांतला फरक सांगता आला तरी समोरचा ऐकून घेतो : पहिलं आयातीचं, दुसरं निर्यातीचं. नौपाडा, वाशीतल्या सीएंच्या ऑफिसात जायचं तर 20 तारखेनंतर जा. 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला जीएसटीआर-3बी ही जीएसटीची मासिक रिटर्न्स भरायची असतात; त्याआधी गेलात तर तुमचा सीव्ही व्हाउचरच्या गठ्ठ्याखाली जाईल.