फोन घरी ठेवून धावायचंय? घड्याळ असं निवडा

खोक्यावर ‘जीपीएस’ छापलेलं असलं, तरी आत जीपीएसची चिप असेलच असं नाही. स्वस्त फिटनेस बँडवर बरेचदा ‘कनेक्टेड जीपीएस’ असतं. म्हणजे अंतर मोजतो खिशातला फोन, बँड नुसता आकडा दाखवतो. फोन घरी राहिला की हाच बँड पावलं मोजतो आणि अंदाजाने धरलेल्या ढांगेने गुणतो. चढावर ढांग आखडते, उतारावर लांबते आणि हिशोब तिथेच बिघडतो.

१. तपशिलाच्या यादीत ‘बिल्ट-इन जीपीएस’ किंवा ‘जीएनएसएस’ (जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह प्रणालींचं एकत्र नाव) हे शब्द शोधा. ते नसतील तर पुढचं काही वाचू नका. जीपीएसला सिम किंवा इंटरनेट लागत नाही. एलटीईचं (स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलेलं) महागडं मॉडेल लागतं ते फोनशिवाय कॉल आणि मेसेज हवे असतील तरच. ॲपल वॉच घेणार असाल तर ते सुरू करून द्यायला आयफोन लागतो, हे आधी लक्षात घ्या.

२. कुठे धावता ते ठरवा. मोकळं मैदान, नदीकाठ, गावाबाहेरचा रस्ता असेल तर साधं जीपीएस पुरतं. उंच इमारतींच्या मधून धावत असाल तर ‘ड्युअल फ्रीक्वेन्सी’ (काही कंपन्या ‘मल्टी-बँड’ म्हणतात) घ्या. उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, घड्याळाला तोच खरा वाटतो आणि नकाशावर तुम्ही रस्त्यापलीकडच्या इमारतीतून धावलेले दिसता. एल१ आणि एल५ या दोन फ्रीक्वेन्सींचे सिग्नल घेणाऱ्या घड्याळाला थेट आलेला आणि परावर्तित सिग्नल जास्त चांगला वेगळा करता येतो. बोगद्यात मात्र कुठलंच जीपीएस चालत नाही.

३. बॅटरीचे ‘१४ दिवस’ विसरा, ते जीपीएस बंद असतानाचे. ‘जीपीएस मोड’चे तास बघा, तेही कोणत्या मोडचे ते नीट वाचा. गार्मिन फोररनर २५५ चंच घ्या: कंपनीच्या आकड्यांनुसार फक्त जीपीएसवर ३० तास, सगळे उपग्रह आणि मल्टी-बँड लावलं की १६. गाणी लावली की आणखी बरेच कमी. बॅटरी वर्षागणिक उतरते, म्हणून तुमच्या सर्वांत लांब धावेच्या निदान दुप्पट तास हवेत.

४. बटणं असलेलं घड्याळ घ्या, हा आमचा आग्रह. घामेजलेल्या बोटाने किंवा पावसात टचस्क्रीन दगा देते. भर पावसाळ्यात साताऱ्याच्या घाटात धावताना लॅप मारायला, म्हणजे फेरीची वेळ नोंदवायला, बटणच उपयोगी पडतं. घाटात धावणाऱ्यांनी हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटरही बघावा, नुसत्या जीपीएसवरून काढलेली चढाई फार डोलते. गार्मिनच्याच फोररनर ५५ मध्ये पाच बटणं आहेत, पण बॅरोमीटर नाही आणि गाणी साठवण्याची सोयही नाही. गाणी हवी असतील तर घड्याळात साठवण आणि ब्लूटूथ इयरफोनची जोडणी, दोन्ही असल्याची खात्री करा. पाण्यासाठी ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता) पुरे. शंभर खेळांचे मोड ही निव्वळ खोगीरभरती.

५. परत करण्याची मुदत संपायच्या आत परीक्षा घ्या. आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करा, कारण त्यातूनच उपग्रहांच्या स्थितीची आगाऊ माहिती घड्याळात उतरते आणि ती काही दिवसांतच शिळी होते. सिंक नसेल तर पहिला फिक्स, म्हणजे तुमच्या जागेचा ठाव, मिळायला मिनिटं लागू शकतात. उघड्यावर उभं राहा, सिग्नल मिळाल्याची खूण दिसेपर्यंत ‘स्टार्ट’ दाबू नका. घाई केली तर सुरुवातीचे दोनतीनशे मीटर भलतीकडेच उमटतात.

मग ४०० मीटरच्या ट्रॅकवर, पहिल्या लेनमधून, ट्रॅक मोड (ट्रॅकच्या मापाने अंतर जुळवून घेणारी सोय) बंद ठेवून १० फेऱ्या मारा. ४ किलोमीटरच्या जागी ४.०५ ते ४.१ आले तर चालेल. ४.३ आले तर परत करा.

नाडीही तेव्हाच तपासा. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. सावकाश धावतानाही आकडा १७०-१८० वर चिकटून बसला आणि तो मिनिटाच्या पावलांशी जुळत असेल, तर सेन्सर नाडीऐवजी पावलं मोजतोय. पट्टा आवळूनही फरक पडला नाही, तर छातीचा पट्टा जोडता येतो का ते बघा.